वादग्रस्त, विवादित की तंट्यातली बेटं?

दादरची_मीरा : मुलांच्या ज्ञानकोशासाठी फॉकलंड बेटांची नोंद मराठीत करतेय आणि पहिल्याच वाक्याला अडकलेय. मी लिहिलं 'वादग्रस्त बेटं', तर बाबा म्हणाले वादग्रस्त पुढारी असतो, बेटांनी काय केलंय? तेव्हापासून मलाही ठपका ठेवल्यासारखं वाटायला लागलंय. १८३३ पासून ब्रिटनचा अंमल, १९८२ च्या लढाईतले ७४ दिवस सोडले तर, आणि अर्जेंटिना ती आपलीच मानतो, हे थोडक्यात कसं सांगू?

गिरगावकर : विवादित नको, तो हिंदी बातम्यांतून आलाय. तंट्यातली बेटं म्हणा की, आपल्याकडे तंट्यातली जमीन सर्रास म्हणतात.

मीरा : काका, तंटा म्हटलं की भावकी डोळ्यासमोर येते हो.

सातारी_परळ : येऊ दे ना, भावकीच आहे ती! आमच्या घरी चुलत्यांचा दावा चालला होता तेव्हा मी सातबारा बघितला होता. भोगवटादार म्हणून आजोबा, इतर हक्कात चुलत आजोबांची नोंद, आणि बारा नंबरात पीक भुईमूग. बरोबर कोण ते तलाठ्याने कुठंच लिहिलं नव्हतं, पण जमीन कोणाकडे आणि हक्क कोण सांगतंय हे दोन्ही स्वच्छ होतं. ज्ञानकोशानेही तसंच लिहावं, विशेषणाच्या मागे कशाला लागायचं.

गिरगावकर : मग पाकव्याप्त काश्मीरचं काय कराल? व्याप्त काढणार? मी तरी काढू देणार नाही.

सातारी_परळ : काढा कुठं म्हणतोय काका. आपण पाकव्याप्त म्हणतो, पाकिस्तान आझाद काश्मीर म्हणतो, आणि बाहेरचे बरेच जण पाकिस्तान-प्रशासित लिहितात. कोण काय म्हणतं ते नावानिशी द्या, म्हणजे शब्द कोणाचा ते पोराला कळेल.

निपाणीची_लेक : लग्न होऊन लालबागला आले त्याला पंचवीस वर्षं झाली तरी हा विषय निघाला की पोटात तुटतं. १९५६ ला आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला, २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं. कर्नाटकात आहे हे लिहाच, खरंच आहे ते, पण महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे हे शेवटच्या ओळीत ढकलू नका हो, पहिल्या परिच्छेदात घ्या. आणि दावा शब्दच मला खटकतो. आई म्हणायची त्या दोन घरांत उभा दावा आहे, म्हणजे वैर! हक्क मागणारा वैरी कसा?

गिरगावकर : दावा अरबीतून आला, ताई. कोर्टातला आणि वैराचा एकच. गुरं बांधायचं दावंही त्यातलंच असणार, दोघं एकमेकांना बांधलेले.

सातारी_परळ : नाही काका, दावं संस्कृत दामन्‌वरून. त्याचा ह्याच्याशी संबंध नाही.

गिरगावकर : पटत नाही. रात्री कोश काढून बघतो.

मीरा : मी सध्या लिहिलंय, 'बेटं ब्रिटनच्या ताब्यात आहेत, अर्जेंटिना त्यांच्यावर हक्क सांगतो'. पण मथळ्यात नुसतं फॉकलंड घेतलं की एक बाजू घेतल्यासारखं होतंय. माल्विनास हे अर्जेंटिनात वापरलं जाणारं नावही सें मालोच्या फ्रेंच खलाशांवरून पडलंय, ते पण द्यावंसं वाटतं. कंसात चालेल का?

निपाणीची_लेक : कंसात नको गं. आमचं बेळगाव आता बऱ्याच ठिकाणी कंसातच असतं.

गिरगावकर : दाव्याचं अनेकवचन मात्र दावे आणि दाव्याच्या दोरीचं दावी, हे मान्य.