तेरचं संग्रहालय चुकवू नका
वर कुणीतरी म्हटलंय की लहान गावच्या संग्रहालयात फुटक्या खापरांशिवाय काय असतं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर पाहाच. गोरोबाकाकांच्या समाधीला जाणारे बरेचजण संग्रहालय न पाहताच परततात, याची फार हळहळ वाटते. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक सागरी प्रवासवर्णनातलं 'तगर' ते हेच गाव. रामलिंगप्पा लामतुरे यांनी इथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सापडलेल्या वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या, त्यातून हे उभं राहिलं. हस्तिदंती स्त्रीमूर्ती आवर्जून बघा. इटलीत पाँपेई या प्राचीन रोमन शहराच्या अवशेषांत १९३८ साली अशीच मूर्ती मिळाली! आणि खापरांनाही नावं ठेवू नका, रोमशी चाललेल्या व्यापाराचा माग त्यांतूनही लागतो. जवळचं त्रिविक्रमाचं विटांचं मंदिरही बघून या, मात्र घाई नको.