नाशिकला शनिवारपर्यंत पिवळा इशारा, उरलेला उन्हाळ कांदा काढू की थांबू?

बागलाणचा शेतकरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नामपूरजवळ आमचा अडीच एकर उन्हाळ कांदा आहे. एक एकर उपटून पातीसकट वाफ्यात पडलाय. दीड एकर अजून जमिनीत, माना पडल्यात, पात निम्म्याच्या वर पिवळी. मजुरांची टोळी उद्यापासून यायला तयार आहे. ही हातची गेली तर पुढच्या आठवड्यात मिळणं अवघड, सगळ्यांचीच काढणी एकदम आलीये.

हवामान खात्याच्या तक्त्यात नाशिक जिल्ह्याला बुधवार ते शनिवार पिवळा रंग आहे. तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजा, ताशी 40 ते 50 किलोमीटर वारे, हलका ते मध्यम पाऊस. मोबाईलमधलं दुसरं अ‍ॅप आठवडाभर नुसता सूर्य दाखवतंय. गावच्या ग्रुपवर 'महाभयंकर गारपीट' फिरतंय. आबा म्हणतात, काढून घे, पाऊस यायचा तर रोहिणी नक्षत्रात, मेच्या शेवटी येईल. पण मला 2025 चा मे विसरता येत नाही. वाफ्यात पडलेला कांदा हातात घेतला की बोटं आत जात होती, पाणी गळत होतं. खांडणीला, म्हणजे कांद्याची पात कापायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. आज संध्याकाळी टोळीला शब्द द्यायचाय. जाणकारांनी सांगा.

निफाड शिवार

माझं सरळ मत. काढा आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये न भरता निम्मा तरी मार्केटला घाला. भाव कमी असला तरी हातात पैसा येतो. पाऊस झाला की सगळे एकदम ओला माल आणतात आणि मग कुणी विचारत नाही.

येवल्याची ताई

दादा, आधी पडलेल्या एकराचं बघा. तो आज अंधार पडायच्या आत गोळा करून पोळ घाला, म्हणजे पातीसकट ढीग लावा, बाकीचं नंतर वाचा. पोळ घालताना पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर आली पाहिजे, म्हणजे कांदा उन्हातही भाजत नाही आणि हलकी सर आली तरी पातीवरून निघून जाते. जागा जरा उंचवट्याची बघा आणि कडेने कुदळीने चर ओढा. कांदा वरच्या पाण्याने कमी आणि खाली साचलेल्या पाण्याने जास्त जातो.

आता तक्त्याचं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पण रंग अख्ख्या जिल्ह्याला एकच लागतो. सुरगाण्याला गडगडलं काय नि येवल्याला गडगडलं काय, नामपूरला रंग तोच दिसणार. म्हणून मी रंगाच्या आधी पावसाचा शब्द बघते. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊण हिश्श्यापर्यंत. तक्ता रोज नवा येतो. तुरळकचं 'काही ठिकाणी' झालं की मी उपटणी थांबवते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाऊस कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. मे महिन्यात नेहमी येतो तो वळीव. जमीन तापलेली असते, विदर्भ-मराठवाड्याकडून खाली कर्नाटकाकडे कमी दाबाचा पट्टा पडतो, समुद्रावरचं बाष्प त्यात ओढलं जातं आणि दुपार कलली की ढग फुटतो. तासा-दीड तासात खेळ आटोपतो. एका शिवारात गारा आणि शेजारच्या शिवारात नुसती धूळ, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कडक ऊन.

दुसरा पाऊस अरबी समुद्रातून येतो. तिथे कमी दाब तयार होऊन किनाऱ्याला लागला की दिवस नाही, रात्र नाही, ऊन पडूच देत नाही. 2025 ला तेच झालं. वळीव तर आधीपासून पडतच होता, त्यावर 24 मे रोजी समुद्रातला कमी दाब रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनाऱ्यावर चढला. त्याच दिवशी मान्सून केरळात आला आणि 26 तारखेला मुंबईत, जिथे त्याची नेहमीची तारीख 11 जून आहे. आबांचा हिशेब पिढ्यांचा आहे, मी तो मोडीत काढत नाही. पण त्या वर्षी रोहिणी लागायच्या आतच शेतं भरली होती. म्हणून नक्षत्राच्या जोडीला समुद्रात काही शिजतंय का, तेही बघावं लागतं. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतं, त्यात समुद्राचा उल्लेख येतो. या गुरुवारचा चुकवू नका.

तुमच्या तक्त्यात मेघगर्जना आणि वारा आहे, समुद्रातल्या कमी दाबाचं नाव नाही. म्हणजे हा वळीव. वळवात सकाळ आपली असते. टोळीला हो म्हणा, पण दीड एकर एकदम उपटू नका. तुमच्याकडे ताडपत्र्या किती आहेत ते मोजा आणि दुपारपर्यंत जेवढा माल त्यांच्याखाली जाईल तेवढाच त्या दिवशी काढा. जमिनीतला कांदा एका सरीने बिघडत नाही. ओल टिकून राहिली तर मात्र मुळं परत फुटतात आणि असा कांदा चाळीत टिकत नाही. उपटून मान कापलेला आणि उघड्यावर राहिलेला कांदा सगळ्यात नाजूक, कारण पाणी थेट कापलेल्या मानेतून आत जातं. म्हणून खांडणी पाऊस टळल्यावरच करा, आणि इंचभर मान ठेवूनच.

सूर्य दाखवणाऱ्या अ‍ॅपवर जाऊ नका. ते संगणकावरच्या हवामान मॉडेलचे आकडे उचलून चित्र काढतं, आणि वळवाचा ढग इतका लहान असतो की मॉडेलच्या चौकटीत तो सापडेलच असं नाही. दुपारी बारानंतर खात्याचा तीन तासांचा इशारा बघत राहा आणि मान वर करून आकाशही बघा. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग उभे चढायला लागले आणि वारा एकदम पडला, की ताडपत्री ओढायची. सकाळी ती काढायला विसरू नका, नाहीतर आत घाम धरतो आणि पावसाने वाचलेला कांदा झाकून सडतो.

निफाडच्या भाऊंचं म्हणणं मला अर्धं पटतं. बारीक, जोड आणि डेंगळे (फुलाचे दांडे) आलेला माल लगेच विका. एकसारखा, पत्ती म्हणजे वरची साल सुकलेला माल घाईने घालू नका, तोच तर चाळीसाठी पिकवलाय.

टोळीचा मुकादम

मी मजूर घेऊन फिरतो म्हणून लिहितो. सगळे कांद्याचं बोलताय, माणसांचंही बघा. वळवात कांद्याआधी वीज येते. उघड्या वाफ्यात बाया वाकलेल्या असतात आणि थेंब सुरू झाले की सगळ्या बांधावरच्या बाभळीकडे पळतात, तीच जागा सगळ्यात वाईट. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप फोनमध्ये ठेवा, 20 ते 40 किलोमीटरच्या आत वीज असेल तर ते सांगतं. गडगडाट कानावर आला की काम बंद आणि सगळे घरात किंवा बंद गाडीत. पत्र्याची उघडी शेड चालत नाही.

पहाटे साडेपाचला सुरू करा आणि एकला सुट्टी द्या. आणि विनंती अशी की लवकर सोडलं म्हणून हजेरी कापू नका. हजेरी कापली जाणार म्हटल्यावर बाया ढग गडगडत असतानाही उठत नाहीत.

बागलाणचा शेतकरी

मुकादम, हजेरी पूर्ण देणार, टोळीला तसं आत्ताच फोनवर सांगितलं. ताई, पोळ घालायला आम्ही चौघं लागलोय, आबासुद्धा चर ओढतायत. ताडपत्र्या शेजारच्या धरून पाऊण एकराला पुरतील, तेवढाच उद्या उपटतो. एक राहिलं. एवढं करूनही थोडा भिजलाच तर काय करायचं? चाळीत वेगळा कप्पा करून चालेल का?

येवल्याची ताई

वेगळा कप्पा नको, चाळीतच नको. एक ओला कांदा शेजारच्या दहांना घेऊन जातो. भिजलेला माल गोठ्यात किंवा झाडाच्या सावलीत पातळ पसरा, वारा लागू द्या, दिवसातून एकदा हाताने हलवा. वरची पत्ती चुरचुरली आणि मान दाबून कोरडी लागली की निवडून पहिल्या बाजाराला घाला. मान मऊ लागली तर तो कांदा तिथेच बाजूला काढा.

चाळीला पावसाच्या बाजूने बारदान लावा, पण खालची हवा अडवू नका. आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो, त्यात तुमच्या तालुक्याचं काय आहे ते इथे टाका. आमचाही अर्धा एकर जमिनीतच आहे.