बेंचमार्कवर अचूक ठरणारे अंदाज आपल्या माहितीवर का कोसळतात?

फर्मागुडीचा विद्यार्थी:
नमस्कार. एम.टेक.च्या प्रबंधासाठी मी पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीच्या क्वेरी ऑप्टिमायझरचा, म्हणजे क्वेरी चालवण्याचा स्वस्त मार्ग (प्लॅन) निवडणाऱ्या भागाचा, अभ्यास करीत आहे. टीपीसी-एच या प्रमाणित चाचणीसंचाच्या (बेंचमार्कच्या) २२ क्वेरींवर ऑप्टिमायझरने बांधलेले ओळींचे अंदाज बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षाच्या जवळ येतात. मात्र गोव्यातील गावे, तालुके, पिनकोड आणि पर्यटक निवास यांची टेबले जोडणाऱ्या क्वेरी चालवल्या की, तीन-चार जॉइननंतर (टेबलांच्या जोडण्यांनंतर) अंदाज एका ओळीवर येऊन ठेपतो, प्रत्यक्षात हजारो ओळी निघतात आणि निवडलेला नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्या टेबलात पुन्हा शोधण्याची पद्धत) संपता संपत नाही. असे का होते? प्रबंधासाठी कोणता बेंचमार्क घ्यावा, आणि केवळ एकूण वेळेची तुलना पुरेशी ठरेल का?

ताळगावकर:
याचे मूळ एका जुन्या गृहीतकात आहे. आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये खर्चाच्या अंदाजावरून प्लॅन निवडण्याची जी पद्धत मांडली, तीत वेगवेगळ्या कॉलमांवरील अटी एकमेकींपासून स्वतंत्र मानून प्रत्येकीनंतर उरणाऱ्या ओळींची प्रमाणे गुणली जातात, आणि पोस्टग्रेसही मुळात हेच करतो. आता आपलेच उदाहरण घ्या. ‘गाव = मोरजी’ ही अट लागल्यावर ‘तालुका = पेडणे’ या अटीने एकही ओळ कमी होत नाही, कारण मोरजी पेडण्यातच आहे. ऑप्टिमायझरला हे ठाऊक नसते. नोंदी बारा तालुक्यांत सारख्या विभागलेल्या असतील, तर त्याचा अंदाज बारापट कमी येतो. पिनकोडची अट जोडली की आणखी खाली जातो, आणि पुढच्या जॉइनमध्ये ही चूक वाढतच राहते. एकच ओळ येणार असे वाटल्यावर त्याला नेस्टेड लूप स्वस्त दिसणारच. टीपीसी-एचची माहिती कृत्रिमरीत्या तयार केलेली, बहुतांशी समान वाटपाची आणि परस्परांशी संबंध नसलेल्या कॉलमांची असल्याने हे गृहीतक तिथे जवळजवळ आपोआप खरे ठरते.

वास्कोहून एक वाचक:
ताळगावकरांशी मी सहमत आहे. बेंचमार्कबद्दल माझे मत स्पष्ट आहे: जॉइन ऑर्डर बेंचमार्क घ्यावा. व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तो आयएमडीबी या चित्रपटविषयक संकेतस्थळाच्या खऱ्या माहितीवर रचला असून त्यात ११३ क्वेरी आहेत. खर्चाच्या सूत्रांपेक्षा ओळींच्या अंदाजातील चुकाच प्लॅन अधिक बिघडवतात, हा त्यांचा निष्कर्ष आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतो. टीपीसी-डीएस या आणखी एका बेंचमार्कच्या ९९ क्वेरींत विषम वाटप आहे, तरी तीही कृत्रिम माहितीच आहे.

केवळ एकूण वेळ मोजू नये, कारण एखादी अतिमंद क्वेरी सारी बेरीज गिळून टाकते आणि चुकीच्या अंदाजावरही कधी कधी चांगला प्लॅन हाती लागतो. प्रत्येक जॉइनपाशी अंदाज आणि प्रत्यक्ष ओळी यांतील मोठ्या संख्येला लहान संख्येने भागून येणारी क्यू-चूक वेगळी नोंदवावी. एक बाब सहज नजरेआड होते: अ‍ॅनालाइझ (टेबलाची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) मोठे टेबल पूर्ण वाचत नाही, तर मूळ सेटिंगला सुमारे ३०,००० ओळींचा यादृच्छिक नमुना घेते. त्यामुळे ते पुन्हा चालवल्यावर आकडेवारी किंचित बदलते आणि कधी प्लॅनही बदलतो. तसेच १२ किंवा अधिक टेबले असली की पोस्टग्रेस जॉइनचे सगळे क्रम न तपासता काहीच चाळणाऱ्या जनुकीय शोधपद्धतीकडे वळतो. ती मर्यादा वाढवावी, अन्यथा अंदाजाचा दोष कोणता आणि शोधाचा कोणता हे वेगळे काढता येणार नाही.

फर्मागुडीचा विद्यार्थी:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. पोस्टग्रेसची क्रिएट स्टॅटिस्टिक्स ही आज्ञा वापरून गाव आणि तालुका यांतील अवलंबित्व कळवले, तर जॉइनमधील अंदाजही सुधारतील का?

ताळगावकर:
अंशतः. आवृत्ती १० पासून ही सोय आहे, परंतु ती एकाच टेबलातील कॉलमांपुरती चालते. गाव आणि तालुका एकाच टेबलात असतील, तर पहिला अंदाज ताळ्यावर येईल आणि त्याचा लाभ पुढच्या जॉइनना मिळेल. निवासाचा प्रकार मात्र दुसऱ्या टेबलात आहे, आणि किनाऱ्यावरील गावाशी असलेले त्याचे नाते या आकडेवारीत येत नाही. प्रबंधात हे दोन्ही परिणाम स्वतंत्रपणे मोजावेत: प्रथम ही आकडेवारी न देता, मग देऊन, त्याच माहितीवर आणि त्याच क्वेरींवर.