न्यू हॅम्पशायरसारख्या छोट्या राज्याच्या कौलाला एवढे वजन का?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
आमच्या अभ्यासिकेत अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीची चर्चा चालू असताना सर्वांचे एकाच मुद्द्यावर अडले. न्यू हॅम्पशायरची लोकसंख्या सुमारे १४ लाख, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याच्या निम्मी. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या अधिवेशनात तिथून जाणारे प्रतिनिधीही मोजकेच. तरीही तिथल्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी राज्यातील मतदार करतात त्या मतदानात, मागे पडलेले उमेदवार, बहुतेक राज्यांचे मतदान शिल्लक असताना, माघार का घेतात? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर (सातारा)
या निकालात प्रतिनिधींच्या संख्येपेक्षा उमेदवाराकडून असलेली अपेक्षा मोलाची ठरते. १९६८ मध्ये विद्यमान अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना तिथे सुमारे ४९ टक्के, तर व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या यूजीन मॅकार्थी यांना ४२ टक्के मते पडली. जॉन्सन पुढे राहिले खरे, पण स्वपक्षातच त्यांच्याविषयी किती नाराजी आहे हे उघड झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी पुन्हा उभे राहणार नसल्याचे जाहीर केले. १९९२ मध्ये पॉल साँगस पहिले आले, तरी आरोपांनी घेरलेले बिल क्लिंटन दुसऱ्या स्थानावर टिकले, हीच त्या रात्रीची मोठी बातमी ठरली. देणगीदारांचे लक्षही याच गोष्टींकडे असते. देणग्या आटल्या की पुढच्या राज्यांत प्रचार करणेच अशक्य होते.

उत्तर (कराड)
साताऱ्याच्या सरांचे विवेचन पटते, पण हा कौल अंतिम नसतो. २०२० मध्ये जो बायडेन तिथे पाचवे आले होते. साउथ कॅरोलिनातील कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना सावरले. पुढे २०२४ साठी डेमोक्रॅटिक पक्षाने सर्वांत आधी मतदान घेण्याचा मान साउथ कॅरोलिनाला दिला. मात्र आपली प्राथमिक निवडणूक इतरांच्या आधी घ्यावी असा न्यू हॅम्पशायरचा कायदाच असल्यामुळे त्यांनी २३ जानेवारीला मतदान घेतले आणि मतपत्रिकेवर नाव नसलेल्या बायडेन यांना मतदारांनी स्वतः नाव लिहून विजयी केले. बहुसंख्य श्वेतवर्णीय असलेल्या एकाच राज्याकडे हा मान कायम राहावा, हे मला न्याय्य वाटत नाही.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. आपल्याकडे एबी फॉर्म कोणाला द्यायचा हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. तिथे मतदान करायला पक्षाचे सदस्य असावे लागते का?

उत्तर (सातारा)
प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये कोणत्याही पक्षाची नोंद नसलेला मतदारही केंद्रावर गेल्यावर दोनपैकी एका पक्षाची मतपत्रिका मागून घेऊ शकतो. अशा मतदारांची संख्या तिथे मोठी असल्याने केवळ कट्टर पक्षसमर्थकांना खूश करून उमेदवाराचे भागत नाही.