इमारत पाहिली म्हणजे संग्रहालय पाहिले का?

काटकोन

‘आधुनिक कलेच्या संग्रहालयात खरी पाहायची असते ती इमारत, आतली चित्रे पाहायची राहिली तरी हळहळायचे कारण नाही,’ असे परवा या चर्चामंचावर एका सदस्यांनी लिहिले आणि त्याखाली अनुमोदनाची रांग लागली. दोन दिवस ते वाक्य सलत राहिले, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

जी इमारत माणसाला चित्रासमोर स्वस्थ उभे राहू देत नाही, ती शिल्प म्हणून कितीही थोर असली तरी संग्रहालय म्हणून फसलेली आहे, असे माझे ठाम मत आहे. न्यूयॉर्कचे गुगनहाइम संग्रहालय घ्या. वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांची ती वास्तू १९५९ मध्ये खुली झाली. पण त्याच्या तीन वर्षे आधीच २१ चित्रकारांनी तिला पत्राद्वारे हरकत घेतली होती आणि त्यांत विलेम डी कूनिंग व फ्रान्झ क्लाइन होते. पायाखाली सर्पिल मार्गाचा उतार, भिंत वाकलेली आणि वर मागे कललेली. तेथे सपाट, चौकोनी कॅनव्हास लावायचा तरी कसा? चित्र इझलवर ठेवल्यासारखे मागे रेललेले दिसावे, असे राइट यांचे समर्थन होते. तत्कालीन संचालक जेम्स जॉन्सन स्वीनी यांना ते पटले नाही आणि त्यांनी चित्रे भिंतीपासून पुढे, धातूच्या दांड्यांवर सरळ उभी केली. संचालकालाच जिच्याशी असे झगडावे लागले, त्या इमारतीत चित्रे दुय्यम ठरली यात नवल नाही. पण ते आपण आनंदाने का मान्य करावे, हे मला समजत नाही.

जिना

ते वाक्य माझे आहे आणि मी ते मागे घेत नाही.

आपण १९५६ पाशी थांबलात. १९७१ मध्ये फ्रेंच कलावंत दानिएल ब्युरेन यांनी त्याच इमारतीच्या मधल्या पोकळीत पट्ट्यापट्ट्यांचे प्रचंड कापड टांगले. सर्पिल मार्गाने उतरताना ते कधी पूर्ण पसरलेले दिसावे, तर कधी कडेने पाहिल्यामुळे एका रेषेएवढे उरावे, अशी ती रचना होती. चार सरळ भिंतींच्या खोलीत ही कल्पना कोणाला सुचली असती? पांढरी, चौकोनी खोली निःपक्षपाती असते हा मोठाच गैरसमज आहे. तीही चित्राबद्दल काहीतरी सांगत असतेच, फक्त तिचे बोलणे आपल्या अंगवळणी पडले आहे.

माझ्या घरी चित्रकलेचा गंधही नव्हता. अशा संग्रहालयात मी प्रथम शिरलो, तो केवळ बाहेरून दिसणारे छप्पर आतून कसे असेल हे पाहायला. दोन तासांनी एका चित्रासमोर थबकलो. ते कोणाचे होते हे आज आठवत नाही, पण ज्या वळणावर ते अचानक समोर आले ते वळण डोळ्यांसमोर आहे. इमारत नसती तर मी त्या दाराशीही गेलो नसतो, आणि माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

काटकोन

ब्युरेन यांचे उदाहरण आपण अर्धेच दिलेत. आमची कामे झाकली जातात अशी त्या समूहप्रदर्शनातील काही कलावंतांनी तक्रार केली आणि प्रदर्शन खुले होण्यापूर्वीच ते कापड उतरवले गेले. एका कलाकृतीला जागा दिली की दुसरी दिसेनाशी होते, अशी ती वास्तू आहे. शिवाय आपल्याला वळण आठवते आणि चित्रकार आठवत नाही, याहून माझ्या बाजूचा पुरावा दुसरा कोणता हवा?

सावली

आपण दोघेही धडधाकट माणसाच्या पायांनी विचार करता आहात, म्हणून लिहिते. गेल्या वर्षी मी वडिलांना एका नामवंत संग्रहालयात घेऊन गेले. त्यांनी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. छापील प्रतींवरून ओळखीची झालेली चित्रे एकदा प्रत्यक्ष पाहावीत, ही त्यांची जुनी इच्छा होती. भव्य प्रवेशदालन, तरंगता जिना, सगळे डोळे दिपवणारे होते. पण सलग सात दालनांत टेकायला एकही बाक नव्हता. आठव्यात ज्या चित्रासाठी आलो होतो ते होते आणि वडील सातव्याच्या भिंतीला टेकून म्हणाले, ‘तू पाहून ये, मला सांग.’ विचारल्यावर तेथील कर्मचाऱ्याने सांगितले की बाकांमुळे दालनाची रेषा बिघडते. त्या क्षणी मला कसे वाटले असेल, हे या चर्चेत कोणाला कळते का?

काटकोन

आपल्या वडिलांबद्दल मनापासून वाईट वाटते. मात्र बाक ही व्यवस्थापनाची बाब आहे, वास्तूची नव्हे. चर्चा भरकटू नये.

सावली

चर्चा भरकटलेली नाही! ‘माणसाला चित्रासमोर स्वस्थ उभे राहू देत नाही’ हे शब्द आपलेच आहेत. उभेच राहता येत नाही त्याने काय करावे? नकाशा आखताना ज्याला बसणारा माणूस दिसत नाही, त्याची इमारत पहिल्या रेषेपासून चुकलेली असते.

जिना

बाकांचा आग्रह मला पटत नाही. बाक ठेवले की लोक चित्राकडे पाठ करून फोन पाहत बसतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. चालत राहणे हाच अशा वास्तूचा अनुभव आहे.

सावली

जिना, हे फार निर्दय वाक्य आहे. चार जण फोन पाहतात म्हणून पाचव्याने जमिनीवर बसायचे का?

उंबरठा

आवाज चढला आहे म्हणून मध्ये बोलतो. संग्रहालयातल्या थकव्याला संग्रहालयांचे अभ्यासक बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ मध्येच नाव दिले होते आणि वाकून, मान वळवून पाहावे लागते अशा मांडणीला त्यांनी दोष दिला होता. तेव्हा सावली यांचा मुद्दा वास्तूचाच आहे. मात्र काटकोन, राइट यांनी प्रेक्षकाने लिफ्टने वर जाऊन उताराने खाली यावे अशी योजना केली होती. ती थकलेल्या पायांचा विचार करूनच केलेली वाटते. आणि स्पेनमधल्या बिल्बाओचे गुगनहाइम (१९९७) बाहेरून टायटेनियमची लाट दिसते, तरी वास्तुकार फ्रँक गेरी यांनी आतली १० दालने सरळ काटकोनी ठेवली, जी बाहेरून दगडी आवरणावरून ओळखू येतात. तेथेच सुमारे १३० मीटर लांबीच्या, खांब नसलेल्या दालनात शिल्पकार रिचर्ड सेरा यांची पोलादी वळणे २००५ पासून कायमची उभी आहेत. ती त्या जागेविना कल्पनेतही आणता येत नाहीत.

काटकोन

सेरा यांच्यापुरते मान्य करतो. तसेच म्हणायचे तर जपानच्या नाओशिमा बेटावरचे चिचू संग्रहालयही मान्य करावे लागेल. वास्तुकार तादाओ आंदो यांनी ते २००४ मध्ये जमिनीखाली बांधले आणि फ्रेंच चित्रकार मोने यांची कमळांची चित्रे तेथे केवळ नैसर्गिक प्रकाशात दिसतात. म्हणजे इमारत चित्रांभोवती वाढली, चित्रे इमारतीत कोंबली गेली नाहीत. गुगनहाइमबद्दल मात्र माझे मत तसूभरही बदललेले नाही.

जिना

चिचूही मी इमारतीसाठीच पाहायला जाईन. ‘चित्रे पाहायची राहिली तरी हळहळायचे कारण नाही’ एवढा भाग मात्र मी सावली यांच्या वडिलांसमोर म्हणू शकलो नसतो. तो मागे घेतो.

सावली

ते चित्र मी त्यांना परत येताना सांगितले. रंग सांगता आले, आकार सांगता आला. जवळून पाहिल्यावर रंगाचा थर किती जाड होता हे त्यांनी तीनदा विचारले आणि ते मला नीट सांगता आले नाही.