मदत हवी आहे: सेव्हिलमध्ये फ्लामेंको आणि रात्रीचं जेवण, एकत्र की वेगळं?

सेव्हिलमध्ये दोन रात्री आहेत. चौघे जण. त्यातल्या दोघांना मांस-मासे चालत नाहीत, अंडं चालतं. एकाचा गुडघा दुखरा आहे. एका संध्याकाळी फ्लामेंको आणि जेवण बसवायचंय. 'डिनर शो'चं पॅकेज घ्यावं का? पाय नीट दिसायला कुठे बसावं? टाळ्या केव्हा वाजवायच्या?
– सोनचाफा

---

पॅकेज घेऊ नका, निदान सेव्हिलमध्ये तरी. सगळ्यांना ठरावीक मेनू आणि तो खेळ सुरू व्हायच्या आत वाढून संपवायचा, त्यामुळे स्वयंपाकघराची धांदल ताटात उतरते. वर शाकाहारी माणसाला बहुतेक वेळा सॅलड आणि भाजलेल्या भाज्या, दर मात्र तोच. एल आरेनालसारख्या जुन्या ताब्लाओत (म्हणजे खाण्यापिण्याची सोय असलेला फ्लामेंकोचा अड्डा, हा १९७५ पासूनचा) जेवण मिळतं, पण तिथेही नुसतं पेय आणि खेळ असं तिकीट निघतं. ते घ्या.

वेळेचं गणित असं. साडेसातच्या सुमाराचा खेळ धरा. तास-सव्वा तासात सुटतो. इथली स्वयंपाकघरं दुपारी चारच्या आसपास बंद होतात ती रात्री साडेआठला उघडतात. म्हणजे बाहेर पडाल तेव्हा चुली नुकत्याच पेटलेल्या असतील. नऊ-साडेनऊचा खेळ घेतलात तर आधी जेवायला जागा मिळत नाही आणि नंतर उशीर होतो. साडेसहाला थोडं खाऊन घ्या, उपाशीपोटी बसू नका.

काये कूना या रस्त्यावरच्या कासा दे ला मेमोरियात जेवण नाहीच, म्हणूनच ते सुचवतो. मध्ये ना वाढपी फिरतो ना काटे-चमचे वाजतात.
– तिरकीट

---

बसण्याबद्दल. फ्लामेंको पायांनी 'ऐकायचा' प्रकार आहे (कथकमधला तत्कार आठवा), त्यामुळे पाय दिसले नाहीत तर निम्मं तिकीट वाया. मंच फूट-दीड फूटच उंच असतो, तिसऱ्या रांगेपासून पुढच्यांची डोकी पायांवर येतात. पहिली रांग नाही मिळाली तर मधल्या चौथ्यापेक्षा बाजूची पहिली बरी. जुन्या वाड्यांच्या अंगणात खांब असतात, तेवढे टाळा. जागा क्रमांकाच्या नसतील तर अर्धा तास आधी रांगेत उभं राहायचं. गुडघेवाल्यांसाठी आरक्षण करतानाच लिहा, कारण खुर्च्या एकमेकींना चिकटून असतात आणि पाय पसरायला कडेचीच जागा लागते.
– पोहेवाला

---

आता टाळ्या. मंचावर जे टाळ्या देतात (पाल्मास) ते वाद्य आहे, प्रेक्षकांनी त्यात सामील व्हायचं नाही. सोलेआ, अलेग्रीआस, बुलेरिआस या फ्लामेंकोतल्या प्रकारांचं चक्र बारा मात्रांचं, पण आपला बारा मात्रांचा एकताल समजून मोजाल तर फसाल. बुलेरिआस असं मोजून बघा: बारा-एक-दोन, तीन-चार-पाच, सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा. म्हणजे ३-३-२-२-२. आपली सरळ टाळी नेमकी या फोडीवर आदळते आणि नर्तकीला गिटार ऐकू येईनाशी होते.

नर्तकी ताडकन थांबली म्हणजे संपलं असं नाही. गिटारवाल्याचा उजवा हात बघा. तो तारांवर फिरत असेल तर पुढे आहेच. बऱ्याचदा तिथूनच एस्कोबिया, म्हणजे निव्वळ पायांचं काम, सुरू होतं: एकेक ठोका सुटा, मग हळूहळू दाट. त्या सुट्या ठोक्यांवर टाळ्या पडल्या की तो चढाव कानी येतच नाही. तोडा जमून आला की 'ओले' (त्यांचं 'वाहवा') म्हणा, ते चालतं.

फोटो बहुतेक ठिकाणी बंद, काही ठिकाणी शेवटची काही मिनिटं परवानगी देतात.
– तिरकीट

---

तिरकीट, माद्रिदला तुमचा नियम लागू नाही हं. तिथल्या कोर्राल दे ला मोरेरिया या ताब्लाओचं (१९५६) स्वयंपाकघर खरंच चांगलं आहे. फक्त मिशेलिन तारा मिळालेली खोली वेगळी, चार टेबलांची. ताब्लाओतलं जेवण म्हणजे तीच थाळी असं समजून पैसे भरू नका.

सेव्हिलमध्ये खेळानंतर एल रिन्कोन्सियो. १६७०चा बार, कासा दे ला मेमोरियापासून चालत. काउंटरशी उभ्याने खाल्लंत तर हिशेब खडूने लाकडावरच मांडतात, पैसे दिले की फडक्याने पुसला. गुडघा दुखत असेल तर बसायचं टेबल आधी राखा. पालक-चण्याची भाजी (एस्पिनाकास कोन गार्बान्सोस) जिऱ्याच्या वासाची, आपल्या जिभेला लगेच ओळखीची.

शाकाहाऱ्यांनी नुसतं 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) म्हणू नये. कार्ने म्हटलं की त्यांना गाय-डुकराचं ताजं मांस आठवतं, खामोन (डुकराची खारवून वाळवलेली मांडी) त्यात धरत नाहीत. साल्मोरेखोवर (टोमॅटोचं दाट गार सूप) खामोनचे तुकडे पेरलेले येतात, क्रोकेतासमध्येही (तळलेले गोळे) बहुधा तेच, सॅलडमध्ये टूना. 'नी खामोन, नी आतून, नी काल्दो दे कार्ने' असं तिन्ही मोजून सांगा. आतून म्हणजे टूना, काल्दो दे कार्ने म्हणजे मांसाचं पाणी, ते भाजीत लपतं. तोर्तिया (बटाटा-अंडं) निर्धोक.
– खमंग

---

धन्यवाद! मग साडेसातचा खेळ आणि नंतर पालक-चणे. पण नदीपलीकडच्या ट्रियाना वस्तीत 'खरा' फ्लामेंको फुकट ऐकायला मिळतो म्हणतात, ते?
– सोनचाफा

---

मिळतो, पण वेळ सांगून नाही. बारमध्ये मध्यरात्रीनंतर कोणी गायला तर गायला. दोनच रात्री असतील तर तिकीट काढलेलं बरं. दुसऱ्या रात्री पूल ओलांडून जा, कुणी गाऊ लागलंच तर बोलणं थांबवायचं आणि मोबाइल खिशात.
– तिरकीट