माजी सैनिकांच्या रुग्णालयातील फार्मसी रेसिडेन्सी: भारतातील फार्म.डी.धारकांना वाट आहे का?

फार्मडी_सहावे_वर्ष, सातारा

नमस्कार. मी फार्म.डी.च्या, म्हणजे औषधनिर्माणशास्त्राच्या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या, सहाव्या वर्षाला असून एका शिक्षण रुग्णालयात आंतरवासिता करत आहे. आमचे गाव सातारा तालुक्यात, अपशिंगे मिलिटरी या गावाच्या बाजूला आहे. या पट्ट्यात घरटी एक तरी माणूस फौजेत असतो, त्यामुळे माजी सैनिक आणि त्यांची औषधे हा विषय माझ्या घरातलाच आहे. आजोबा एका खासगी रुग्णालयातून घरी आले तेव्हा त्यांच्या पिशवीत रक्तदाबाच्या दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या होत्या. पट्टीच्या मागची बारीक अक्षरे वाचली, तर दोन्हींमध्ये टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमच होते. एक गोळी आधीपासून चालू होती आणि दुसरी नव्याने लिहून दिलेली होती. दोन्ही कागद शेजारी ठेवून कोणी वाचलेच नव्हते.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या, म्हणजे व्हीएच्या, रुग्णालयांमध्ये औषधनिर्मात्यांना पदवीनंतर वर्षभराचे पगारी रेसिडेन्सी प्रशिक्षण मिळते आणि त्यात नेमके हेच काम शिकवले जाते, असे वाचले. भारतीय फार्म.डी.धारकाला तेथे प्रवेश मिळू शकतो का? माझ्या आंतरवासितेत नसलेले असे तेथे काय आहे? आणि सातारा-सांगली भागात राहून त्यातले काही पदरात पाडून घेता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मूळची_मिरजेची

प्रवेशाचे आधी सांगते, कारण तेथे गैरसमज फार आहेत. व्हीएच्या बहुतेक फार्मसी रेसिडेन्सींच्या जाहिरातींत अमेरिकेचे नागरिकत्व ही अट असते, त्यामुळे भारतातून थेट तेथे जाण्याचा बेत धरू नये. इतर रुग्णालयांचे दार मात्र पूर्ण बंद नाही. ज्यांची पदवी अमेरिकेतील मान्यताप्राप्त महाविद्यालयाची नाही, त्यांना तेथील औषधनिर्माण मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेचे एफपीजीईसी प्रमाणपत्र मिळवावे लागते. त्यासाठी कागदपत्रांची छाननी, एफपीजीईई ही परीक्षा आणि टोफेल ही इंग्रजीची परीक्षा हे टप्पे आहेत. २००३ च्या सुरुवातीपासून पदवीधर झालेल्यांसाठी किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम ही अट असल्यामुळे चार वर्षांचे बी.फार्म. तेवढ्यावर पात्र ठरत नाही. तुमचे सहा वर्षांचे फार्म.डी. त्या अटीत बसते. पुढे परवान्यासाठी नॅपलेक्स ही परीक्षा आणि त्या त्या राज्याच्या कायद्याच्या अटी आहेतच. रेसिडेन्सीच्या जागा उमेदवार आणि रुग्णालये यांच्या पसंतीक्रमांच्या एका सामाईक जुळणीतून भरल्या जातात आणि तेथील पदवीधरांपैकीही सगळ्यांना जागा मिळत नाही. व्हिसाचा भार उचलणारी रुग्णालये थोडी आहेत. हे सारे निराश करण्यासाठी सांगत नाही; तीन-चार वर्षे आणि बराच पैसा यात जातो, तेव्हा घरच्यांशी बोलताना आकडे समोर ठेवूनच बोलावे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण खरा प्रश्न तोच आहे. मी स्वतः एका विद्यापीठाच्या रुग्णालयात पीजीवाय-१ म्हणजे पदवीनंतरचे पहिले वर्ष केले आणि नागरिकत्व मिळाल्यावर व्हीएमध्ये रुजू झाले. आता रेसिडेंट माझ्या हाताखाली शिकतात. व्हीएमध्ये क्लिनिकल फार्मसिस्टला ठरवून दिलेल्या अधिकारकक्षेत औषध सुरू करण्याचा, मात्रा बदलण्याचा, औषध थांबवण्याचा आणि रक्ततपासणी सांगण्याचा अधिकार असतो. मधुमेह, उच्च रक्तदाब, रक्त पातळ ठेवण्याची औषधे अशा बाह्यरुग्ण विभागांत रुग्ण औषधनिर्मात्याकडेच तपासणीला येतात. म्हणून तेथील रेसिडेंट केवळ निरीक्षक राहूच शकत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगते. हृदयाची कृत्रिम धातूची झडप बसवलेला रुग्ण वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे जुने औषध घेतो, कारण अशा झडपेला नवी रक्त पातळ करणारी औषधे चालत नाहीत. त्याचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे मोजमाप, २.५ ते ३.५ मध्ये राहायला हवा होता आणि तो आला ४.६. रेसिडेंटने गोळी कमी करून मोकळे व्हायचे नसते. रक्त कोठून येते आहे का, शौचाचा रंग काळा झाला आहे का, मागच्या आठवड्यात एखादी गोळी दोनदा घेतली गेली का, दात दुखला म्हणून कोणी मेट्रोनिडाझोल हे वॉरफॅरिनचा परिणाम वाढवणारे जंतुनाशक दिले का, गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक आणले का, जेवण कमी झाले का, हे सगळे विचारायचे. मग एखादा डोस वगळायचा का, आठवड्याच्या एकूण मात्रेत किती टक्के बदल करायचा आणि रक्त पुन्हा कधी तपासायचे हे ठरवून, कारणांसह नोंद लिहून खाली सही करायची. पुढच्या भेटीत तोच रुग्ण त्याच रेसिडेंटसमोर येतो. आपल्या निर्णयाचे काय झाले हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे लागते, आणि माझ्या मते सारे शिक्षण या दुसऱ्या भेटीत आहे.

शिकवण्याची पद्धतही आखलेली असते. मार्गदर्शक प्रथम समजावून सांगतो, मग स्वतः करून दाखवतो, त्यानंतर रेसिडेंट करत असताना शेजारी राहून दुरुस्त करतो आणि शेवटी त्याला एकट्याला करू देऊन हाकेच्या अंतरावर थांबतो. कोणता रेसिडेंट कोणत्या पायरीवर आहे, याची लेखी नोंद ठेवली जाते. याशिवाय वर्षभराचा एक संशोधन प्रकल्प, औषध वितरणाच्या पाळ्या आणि विद्यार्थ्यांना शिकवणे हेही असते. ज्यांना मानसिक आरोग्य, वार्धक्य, कर्करोग अशा एका शाखेत जायचे असते ते पीजीवाय-२ चे आणखी एक वर्ष करतात. माजी सैनिकांमध्ये जुनाट वेदना आणि युद्धानंतरचे मानसिक आघात पुष्कळ दिसतात, म्हणून मानसिक आरोग्याच्या शाखेला तेथे विशेष वजन आहे.

रुग्णालय_फार्मसी_सांगली

वरील उत्तर उत्तम आहे. मी येथील वस्तुस्थिती मांडतो.

२००८ च्या फार्म.डी. नियमांनुसार सहाव्या वर्षी सहा महिने जनरल मेडिसिनमध्ये आणि उरलेले सहा महिने इतर तीन विभागांत, प्रत्येकी दोन महिने, काम करायचे असते. कागदावर हा आराखडा रेसिडेन्सीपेक्षा फार वेगळा नाही. फरक पडतो तो वॉर्डात. विद्यार्थी राऊंडला मागे उभा राहतो, केस वहीत उतरवून घेतो, औषधांच्या परस्परक्रिया शोधतो आणि ती वही महाविद्यालयात सादर करतो. केसपेपरवर त्यातले काही येत नाही. डॉक्टरांना दोष देण्याचे कारण नाही. ज्या मताची जबाबदारी कोणावर ठरलेली नाही, ते मत त्यांनी कोणत्या आधारावर घ्यावे? रुग्णालयांत क्लिनिकल फार्मासिस्टची पदे निर्माण होत नाहीत तोवर हे वर्ष विद्यार्थ्याच्या आणि मार्गदर्शकाच्या इच्छेवरच चालणार, आणि ही आपल्या व्यवस्थेतील गंभीर उणीव आहे असे मला मनापासून वाटते.

तरीही आपल्या भागात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मिरजेला १८९४ पासून मिशन रुग्णालयाची परंपरा आहे आणि आजही जत, अथणी, चिकोडी अशा ठिकाणांहून रुग्ण इकडे येतात. एकाच रुग्णाच्या पिशवीत कन्नड मुलुखातील डॉक्टरांची चिठ्ठी, तालुक्याच्या दवाखान्याचा कागद आणि येथील डिस्चार्ज कार्ड सापडते. तिन्हींवर ब्रँड वेगळे, आतले औषध अनेकदा एकच. आजोबांच्या बाबतीत आपण जे केले, तेच प्रत्येक दाखल रुग्णाबाबत पहिल्या चोवीस तासांत करावे. घरच्या गोळ्या प्रत्यक्ष मागवून घ्याव्यात, कारण नातेवाईक ‘पांढरी छोटी गोळी’ एवढेच सांगतात.

दुष्परिणामांच्या नोंदीचाही विचार करावा. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाची केंद्रे अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत. तेथे पाठवलेला अहवाल वहीत पडून राहत नाही, आणि अशा केंद्रांवर पुढे नोकरीचीही संधी असते.

निवृत्त_सुभेदार_सातारा

ताई, मी या क्षेत्रातला नाही, पण रुग्ण म्हणून लिहितो. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली आणि आमच्यासारख्यांची औषधाची मोठी सोय झाली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. मात्र महिन्याच्या गोळ्या घेताना खिडकीसमोर रांग असते आणि तेथे सविस्तर विचारणे शक्य नसते. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो, मग आमच्यातील काही जण ती नवी गोळी घेतच नाहीत, तर काही जण घरात उरलेली जुनी आणि ही नवी अशा दोन्ही घेतात. आमच्या वयाच्या माणसाजवळ दहा मिनिटे बसून हे समजावणारे कोणी असेल, तर आम्ही त्याच्यासाठी आनंदाने थांबू.

फार्मडी_सहावे_वर्ष, सातारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अमेरिकेचा विचार तूर्त बाजूला ठेवत आहे. माझे मेडिसिनमधील तीन महिने शिल्लक आहेत. मार्गदर्शक डॉक्टरांकडे जाऊन नेमके काय मागावे, एवढेच सांगाल का?

मूळची_मिरजेची

एक वॉर्ड मागू नका, पाच-सहा खाटा मागा. त्या खाटांवरील प्रत्येक रुग्णाच्या घरच्या आणि वॉर्डातील औषधांची पडताळणी मी राऊंडच्या आधी करीन आणि शंका एका अर्ध्या पानावर लिहून देईन, असे सांगा. पानावर औषध, अडचण, पुरावा आणि सुचवलेला बदल एवढेच असू द्या. ‘लक्ष ठेवावे’ असे मोघम लिहू नका. क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेचा अंदाज, ३० च्या खाली आला असेल आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध चालू असेल, तर ‘मेटफॉर्मिन बंद करावे, पर्याय अमुक, मात्रा तमुक’ असे स्पष्ट लिहा. डॉक्टरांनी सूचना मान्य केली की नाही आणि नाकारली असल्यास का, हे त्याच पानावर त्यांच्याकडून लिहून घ्या. नकाराची कारणे सर्वांत जपून वाचा. डिस्चार्जच्या दिवशी रुग्णाला औषधे स्वतः समजावून द्या आणि आठवड्याने फोन करण्याची परवानगी रुग्णाकडून व डॉक्टरांकडून आधीच घेऊन ठेवा. सुभेदार साहेबांनी सांगितलेली नव्या रंगाच्या गोळीची अडचण तुम्हाला त्या फोनवरच कळेल.